मांसावरचा शिक्का, गोठ्यातला रोग

२०२० च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस, सारा देश करोनाच्या सावटाखाली असताना, पालघर जिल्ह्याच्या पशुसंवर्धन विभागाने एक परिपत्रक काढले होते. गुजरातच्या काही जिल्ह्यांत क्रायमियन काँगो तापाचे रुग्ण आढळले असून सीमेलगतच्या पालघर जिल्ह्यात त्याचा शिरकाव होण्याची शक्यता आहे, यासाठी पशुपालक, मांसविक्रेते आणि विभागाचे अधिकारी यांनी वेळीच दक्षता घ्यावी, असा त्या परिपत्रकाचा आशय होता. हा रोग गोचिडांमार्फत एका जनावरातून दुसऱ्या जनावरात जातो आणि बाधित जनावराच्या रक्ताशी अथवा ताज्या मांसाशी संपर्क आला की माणसाला जडतो. त्यावर खात्रीची लस नाही. वेळेवर निदान आणि उपचार न झाल्यास शंभरांतले तीसपर्यंत रुग्ण दगावू शकतात, असेही त्यात नमूद केलेले होते. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्याच्या साणंद तालुक्यातील कोलट गावी या रोगाची भारतातील पहिली नोंद झाली, तेव्हा रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि शुश्रूषा करणारी परिचारिका हेही त्याला बळी पडले होते. एवढ्या गंभीर रोगाविषयीचा हा इशारा वृत्तपत्रांतून चार-आठ ओळींत छापून आला आणि करोनाच्या आकडेवारीत बुडून गेला.

परिपत्रक काढणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी आपले कर्तव्य केले. परंतु त्या परिपत्रकातील ‘मांसविक्रेत्यांनी दक्षता घ्यावी’ या शब्दांचा प्रत्यक्षात अर्थ काय होतो, हा प्रश्न आम्हांला तेव्हाही पडला होता आणि आजही पडतो. काँगो तापाचा विषाणू जनावराच्या रक्तात सुमारे आठवडाभर असतो, पण जनावर आजारी दिसत नाही. खात-पीत असते, चालत असते. नालासोपाऱ्याच्या एखाद्या गल्लीत दुकान थाटून बसलेल्या विक्रेत्याने त्याच्याकडे नुसते पाहून काय ओळखावे? जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की वधापूर्वी दोन आठवडे जनावरावर गोचीडनाशक फवारावे किंवा त्याला तेवढे दिवस वेगळे ठेवावे. हे करण्यासाठी जनावर कोठून आले, कधी आले, कोणी तपासले याची नोंद हवी. ही नोंद ठेवणारा आणि ते जनावर नाकारण्याचा अधिकार असलेला माणूस हवा. आमचा मुद्दा या माणसाविषयीचा आहे. कायद्याने तो जनावर आणि ताट यांच्यामध्ये उभा केला आहे. त्याचे नाव पशुवैद्यक. आपल्या वाढत्या शहरांत तो त्या जागी उभा आहे काय?

वसई-विरारचे उदाहरण यासाठी बोलके आहे. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व आसपासच्या पन्नासहून अधिक ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी ही महापालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. पश्चिमेस केळी, फुले आणि भाजीपाल्याची जुनी वाडी-संस्कृती, पूर्वेस मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या कडेने दुधाचे तबेले, मधल्या पट्ट्यात लोकलच्या गर्दीसाठी उभ्या राहिलेल्या इमारती, आणि किनाऱ्याला कोळीवाडे, अशी ही वस्ती. मुंबईतून हटत हटत म्हशींचे तबेले उत्तरेकडे सरकत गेले. त्यांच्यासाठी म्हणून याच जिल्ह्यात दापचरीचा दुग्धप्रकल्प उभारण्यात आला होता, त्याची कहाणी स्वतंत्र लेखाचा विषय व्हावी. म्हणजे ज्या महामार्गावरून दुधाच्या म्हशी येतात, त्याच महामार्गावरून भाकड म्हशी जातात. बकऱ्या, मेंढ्या आणि कोंबड्यांच्या गाड्याही त्याच रस्त्याने धावतात. दूध आणि मांस यांचा प्रवास येथे एकाच वाटेने होतो. रोगालाही यापेक्षा सोयीची वाट मिळणार नाही.

याबाबत कायदा मुळीच मुका नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या अठरा विषयांची यादी आहे. तिच्यातला अठरावा विषय पशुवधगृहे व कातडी कमावण्याचे कारखाने यांचे नियमन हा आहे आणि पंधरावा विषय कोंडवाडे व प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध हा आहे. पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती यांच्याच पंक्तीला घटनेने हे काम बसविले आहे. त्यापुढे केंद्र शासनाचे २००१ चे पशुवधगृह नियम आहेत. मान्यताप्राप्त जागेखेरीज अन्यत्र वध करता येणार नाही, गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतले पिलू अथवा तेवढे लहान पिलू असलेली मादी यांचा वध करता येणार नाही, पशुवैद्यकाने योग्य असा दाखला दिल्याखेरीज कोणतेही जनावर आत नेता येणार नाही, तपासणीनंतर त्याला चोवीस तास विश्रांती दिली पाहिजे, एका जनावराच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याचा वध होता कामा नये, असे हे नियम सांगतात. एका पशुवैद्यकाने तासाला बारापेक्षा जास्त आणि दिवसाला शहाण्णवपेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत, हेही त्यात स्पष्ट आहे. म्हणजे एका जनावराला किमान पाच मिनिटे.

या पाच मिनिटांत काय पाहायचे असते? जनावर कसे चालते, श्वास कसा घेते, नाकातून स्राव आहे काय, तोंडाला लाळ आहे काय, खुरांच्या बेचक्यात फोड आहेत काय, कास सुजली आहे काय, ताप किती आहे. घटसर्पाची मानेवरील सूज, फऱ्याची मांडीतील करकरणारी गाठ, लाळ-खुरकुताचे लंगडणे या गोष्टी अनुभवी डोळ्याला दारातच दिसतात. सर्वांत मोठी सावधगिरी काळपुळीची. तिने मेलेले वा मरणाच्या दारी असलेले जनावर कापायचेच नसते. ते उघडले की जंतू हवेच्या संपर्काने बीजाणूंचे रूप घेतात आणि ते त्या मातीत अनेक दशके टिकतात. पुढच्या पिढीतले एखादे वासरू त्या जागेवर चरते आणि मरते. एका चुकीच्या सुरीने एक जमीन कायमची दूषित होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती पाच मिनिटे क्षुल्लक वाटणार नाहीत.

वधानंतर दुसरी तपासणी. जबड्याखालच्या आणि घशाच्या लसिकाग्रंथी छेदून पाहायच्या, फुप्फुसे हातांनी चाचपायची, त्यांच्या मधल्या ग्रंथींत क्षयाच्या पिवळट, चुनकळीसारख्या गाठी आहेत का हे पाहायचे, यकृतात चपटे कृमी शोधायचे, हृदय आणि गालाचे स्नायू चिरून पट्टकृमीच्या अळ्यांचे फोड तपासायचे. यकृत-फुप्फुसांत पाण्याने भरलेल्या गाठी आढळल्या तर तो अवयव जाळून किंवा खोल पुरून नष्ट करायचा. तो बाहेर फेकला आणि भटक्या कुत्र्याने खाल्ला, की त्या कुत्र्याच्या पोटात कृमी वाढतात, त्याच्या विष्ठेतून अंडी पसरतात आणि अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या यकृतात तीच गाठ उगवते. मग ज्या शरीरावर आक्षेपार्ह काही आढळले नाही त्यावर शिक्का मारायचा. तो शिक्का म्हणजे एका जबाबदार अधिकाऱ्याची ग्राहकाला दिलेली हमी असते. आपल्या शहरांत मांस विकत घेणाऱ्यांपैकी किती जणांनी हा शिक्का कधी पाहिला आहे, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

नियमांत पळवाटाही आहेत. २००१ च्या नियमांतील पशुवधगृह म्हणजे जेथे दिवसाला दहा किंवा अधिक जनावरांचा वध होतो ती जागा. नऊ कापणाऱ्याचे काय, याचे उत्तर या नियमांत नाही. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या विनियमांनी दिवसाला दोन मोठी जनावरे, दहा लहान जनावरे किंवा पन्नास कोंबड्या एवढ्या मर्यादेपर्यंतच्या व्यवसायाला परवान्याऐवजी साध्या नोंदणीची मुभा दिली. गरीब व्यावसायिकाला कागदांचा जाच नको, हा हेतू चांगला होता. पण गल्लीतली छोटी दुकाने बव्हंशी याच मर्यादेत बसतात किंवा बसविली जातात. परिणाम असा, की मोठ्या, निर्यातीच्या कारखान्यात परदेशी ग्राहकासाठी काटेकोर तपासणी होते आणि वसईचा, विरारचा, नालासोपाऱ्याचा नागरिक जे खातो ते मात्र दुकानदाराच्या प्रामाणिकपणावर सोडलेले असते. आखाती देशातील ग्राहकाच्या आरोग्याची चिंता आपल्या व्यवस्थेला आहे, आपल्या नाही, हा विरोधाभास कोणालाच खटकत नाही याचे नवल वाटते.

येथे आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात एक प्रश्न आला असेल. आम्ही मांस खात नाही, गोवंशाचे मांस तर निषिद्धच मानतो. मग त्याच्या तपासणीशी आमचा संबंध काय? ज्याला खायचे त्याने आपले पाहून घ्यावे! हा विचार स्वाभाविक असला तरी तो चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का आहे हे सविस्तर सांगणे आम्हांला आवश्यक वाटते.

पहिले कारण असे, की रोगाला आहाराचे बंधन नसते. डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या पट्टकृमीची अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात, सांडपाण्यातून भाजीपाल्यावर येतात आणि कोशिंबीर खाणाऱ्याच्या मेंदूत जाऊन गाठी करतात. अपस्माराचे झटके येऊ लागतात आणि तपासणीत मेंदूतील ही गाठ निघते. मेंदूविकारतज्ज्ञांना असे शुद्ध शाकाहारी रुग्ण नवे नाहीत. सांसर्गिक गर्भपाताचा जंतू म्हशीच्या दुधातून, गर्भाच्या झारीतून, गोठा साफ करणाऱ्याच्या हातावरील जखमेतून माणसात शिरतो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. सांधे दुखतात, रात्री घाम फुटतो. हिवताप समजून, विषमज्वर समजून महिनोन्महिने उपचार चालतात. तबेल्यात राबणारे भय्ये, धार काढणारे, पशुवैद्यक आणि खाटीक या सर्वांना हा धोका सारखाच आहे. गाईम्हशींच्या क्षयाचेही तसेच. दूध उकळून पिण्याची आपल्या आजी-आईंची शिस्त हीच आजवर आपली ढाल ठरली आहे. कच्च्या दुधाचे गुण गाणाऱ्या नव्या टूमकऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पशुवधगृह हे त्या प्रदेशातील पशुधनाच्या आरोग्याचा आरसा असते. गोठ्यातला रोग पुष्कळदा गोठ्यात दिसत नाही, तो तेथे दिसतो. २००१ साली इंग्लंडमध्ये लाळ-खुरकुताची प्रचंड साथ आली. तिचा पहिला सुगावा कोणत्याही शेतावर लागला नाही. एसेक्स परगण्यातील एका पशुवधगृहात फेब्रुवारी महिन्यात वधासाठी आणलेल्या डुकरांची नित्याची तपासणी करताना तेथील पशुवैद्यकाला फोड दिसले. त्याने तत्काळ वर्दी दिली, माग काढला गेला आणि मूळ उत्तरेकडच्या एका डुक्करपालकाच्या आवारात सापडले. तेथे रोग कितीतरी दिवस दडपून ठेवलेला होता. तोपर्यंत मेंढ्यांच्या बाजारांतून तो देशभर पसरला होता आणि साथ आटोक्यात येईपर्यंत साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. तो एक अधिकारी त्या दिवशी चहाला गेला असता तर हा आकडा कोठे पोहोचला असता?

त्याच देशाने त्याआधी एक मोठा धडा घेतला होता. कत्तलीतून उरलेले अवशेष दळून ते पशुखाद्य म्हणून गाईंना घातले गेले. तृणभक्षी प्राण्याला मांसभक्षी करण्याच्या या बुद्धिमत्तेची फळे १९८६ पासून दिसू लागली. गाई लडखडू लागल्या, वेड्या झाल्या. १९८८ मध्ये त्या खाद्यावर बंदी आली, पण १९९६ मध्ये हा रोग माणसालाही होतो हे शासनाला मान्य करावे लागले. तेथे या रोगाने पावणेदोनशेहून अधिक माणसे मेली. निसर्गक्रमाशी केलेला खेळ विज्ञानाच्या नावाखाली झाला म्हणून तो कमी घातक ठरत नाही. असो.

आपल्या देशाने पशुरोगांच्या क्षेत्रात मिळविलेले यशही लहान नाही. बुळकांडीने एके काळी गावेच्या गावे रिकामी केली होती. पिढ्यान्पिढ्या लसी टोचून, गोठे पालथे घालून, १९९५ मध्ये तिचा शेवटचा उद्रेक नोंदवून २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त घोषित झाला, आणि २०११ मध्ये सारे जग. मानवजातीने देवीनंतर संपूर्ण नष्ट केलेला हा दुसरा रोग. खेड्यापाड्यांतून बर्फाच्या पेटीत लस घेऊन फिरणाऱ्या अनाम पशुधन पर्यवेक्षकांचे हे कर्तृत्व आहे. त्यांचे पुतळे कोणी उभारले नाहीत. त्याच धर्तीवर ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत लाळ-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद, वर्षातून दोनदा लाळ-खुरकुताची लस, चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना गर्भपाताची लस, आणि प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला.

हा बिल्ला हीच किल्ली आहे. जनावर कोणाच्या दावणीचे, त्याला कोणती लस केव्हा टोचली, ते कोठून कोठे गेले, हे त्या क्रमांकावरून कळू शकते. वधगृहाच्या दारात तो क्रमांक वाचला गेला आणि आतल्या तपासणीत क्षय किंवा अन्य रोग आढळला, तर ती सूचना मूळ गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे जाऊ शकते. त्या गोठ्यातील उरलेली जनावरे तपासता येतील, एखादे खेडे वाचेल. पण चोरवाटेने, रात्रीच्या अंधारात, बिल्ला कापून नेलेल्या जनावराचा माग कोण काढणार? बेकायदा कत्तलीतून पहिला नाश होतो तो या माहितीचा. हजारो कोटी रुपये खर्चून भरलेल्या घड्याला तळाशीच भोक पडते.

आता आम्हांला विशेष जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळू. महाराष्ट्रात गोहत्येस १९७६ च्या प्राणिरक्षण कायद्यानेच बंदी होती. बैल आणि वळू यांनाही ते संरक्षण देणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ मध्ये केली. राष्ट्रपतींची संमती येण्यास मात्र फेब्रुवारी २०१५ उजाडावा लागला. वीस वर्षे! सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने ऑक्टोबर २००५ मध्ये गुजरातचा असाच कायदा वैध ठरविला होता, तरी महाराष्ट्राला आणखी दशकभर थांबावे लागले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही हत्याबंदी कायम केली, मात्र राज्याबाहेर कापलेल्या गोवंशाचे मांस बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. त्या निकालाच्या गुणदोषांत येथे शिरत नाही. पण त्यातून उद्भवणारा एक प्रश्न धर्माचा नसून आरोग्याचा आहे. बाहेरून बर्फात आलेले मांस कोणी तपासले, कोठे तपासले, त्यावर कोणाचा शिक्का आहे? आता कायदेशीर मोठे जनावर उरले ते म्हशीवर्गाचे. त्याच्याही वधासाठी याच कायद्याने सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्याची अट घातलेली आहे. ते जनावर शेतीला, दुधाला वा पैदाशीला उपयुक्त उरलेले नाही, अशी खात्री करूनच हा दाखला द्यायचा असतो. जे तबेलामालक दूध आटताच म्हैस बाजार दाखवितात आणि रेडकू जन्मताच उपाशी मारतात, त्यांच्या दारापर्यंत हा दाखला कधी पोहोचतो काय?

तपासणीची मागणी केली की आपल्याकडे एक वर्ग तत्काळ ‘अल्पसंख्यकांच्या खाण्यावर घाला’ अशी हाकाटी सुरू करतो. हा शहाजोगपणा आता पुरे झाला. सुरक्षित मांस मिळणे हा मांस खाणाऱ्याचाच हक्क आहे, मग तो हिंदू असो, मुसलमान असो वा वसईच्या पश्चिम पट्ट्यातला ख्रिस्ती असो. नियमाने चालणारा, परवाना घेणारा, कर भरणारा खाटीक हाही समाजाचा घटक आहे आणि चोरट्या कत्तलीमुळे पहिले नुकसान त्याचेच होते. रोगट जनावर स्वस्त मिळते. ते कापणाऱ्याशी प्रामाणिक माणूस स्पर्धा करू शकत नाही.

आणि हाच आग्रह आपल्या माणसांकडेही धरायला हवा. महामार्गावर गाडी अडविली, जनावरे उतरविली, पोलिसांत तक्रार नोंदविली म्हणजे गोरक्षणाचे कार्य संपले, असा समज काही उत्साही तरुणांत आहे. कायदा हातात घेणे सर्वस्वी गैर आहे आणि ते कार्याला बट्टा लावणारे आहे, हे तर निःसंदिग्धपणे सांगितलेच पाहिजे. पण त्यापलीकडचा विचारही कोणी करीत नाही. सोडविलेली जनावरे तीन-चार वेगवेगळ्या बाजारांतून गोळा केलेली असतात. उपाशी, दमलेली, गोचिडांनी भरलेली. ती तशीच, त्याच रात्री, आधीच दाटीवाटीने भरलेल्या गोशाळेत सोडली जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाच्या साथीत सारे राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर करून जनावरांचे बाजार आणि वाहतूक बंद करावी लागली. शासनाने मोफत लस दिली, दगावलेल्या गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये साहाय्य दिले. माशी, डास आणि गोचीड यांनी पसरणाऱ्या त्या रोगाने एक गोष्ट शिकविली होती : नवे जनावर कळपात मिसळण्याआधी काही आठवडे वेगळे बांधा. ती शिकवण साथीबरोबरच विसरली गेली.

क्षयाचा आणि सांसर्गिक गर्भपाताचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. पाश्चात्त्य देश बाधित गाय ओळखून मारून टाकतात आणि कळप स्वच्छ करतात. तो मार्ग आपल्या समाजाला मान्य नाही, होऊही नये. पण मग बाधित गाय ओळखण्याची, तिला आमरण वेगळे सांभाळण्याची, तिच्या शेणामूत्राची आणि झारीची विल्हेवाट लावण्याची, तिची सेवा करणाऱ्याचे आरोग्य जपण्याची जबाबदारी आपल्यावर येते. जी संस्कृती गाईला माता म्हणते तिने आजारी मातेची तपासणीच टाळावी, हे कसे चालेल? ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ हा दर्जा दिला आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज प्रत्येकी पन्नास रुपयांचे अनुदान मंजूर केले. स्वागतार्ह निर्णय आहे. त्या अनुदानाला वर्षातून एकदा क्षय व गर्भपात-जंतूंच्या चाचणीची आणि स्वतंत्र विलगीकरण गोठ्याची अट जोडली, तर कोणत्याही खऱ्या गोसेवकाला तिचा जाच वाटणार नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत वसई-विरारने हा अनुभव घेतलेला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूरजवळच्या वेहळोलीत कोंबड्या पटापट मरू लागल्या आणि पाठोपाठ वसई-विरार परिसरातील कोंबड्यांतही बर्ड फ्लूचे निदान झाले. तेव्हा धावाधाव झाली. नमुने गेले, पक्षी नष्ट केले गेले, विक्रेत्यांना सूचना गेल्या. ही यंत्रणा प्रसंगी हलू शकते, एवढे त्यावरून सिद्ध झाले. परंतु साथ आल्यावर धावणारी यंत्रणा आणि साथ येण्याआधी रोज पहाटे वधगृहाच्या दारात उभी असणारी यंत्रणा यांत फरक आहे. दुसरीला बातमीत स्थान नसते आणि म्हणूनच अंदाजपत्रकातही नसते. जून २०२० मध्ये या महापालिकेच्या लोकप्रतिनिधींची मुदत संपली, त्यानंतर कित्येक वर्षे प्रशासकीय राजवट होती. त्यामुळे सभागृहात प्रश्न विचारणारेही कोणी नव्हते, ही सबब काही काळ खरी होती. ती कायमची असू शकत नाही.

महापालिकेच्या आस्थापनेवर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांची किती पदे मंजूर आहेत, त्यांपैकी किती भरलेली आहेत, गेल्या वर्षभरात वधापूर्वी किती जनावरे तपासली गेली, किती नाकारली गेली आणि कोणत्या कारणासाठी, नाकारलेल्या व मेलेल्या जनावरांची विल्हेवाट कोठे लागते, तबेल्यांतील म्हशींच्या लसीकरणाची टक्केवारी किती, आणि कानातील बिल्ल्याचा क्रमांक नोंदवून मूळ गावी किती सूचना पाठविल्या गेल्या, हे सात साधे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे दरमहा फलकावर लावण्यास फारसा खर्च येत नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. अर्जाला दहा रुपयांचा मुद्रांक लागतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. वसई, नालासोपारा आणि विरार येथील आमच्या वाचकांनी हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत. जी उत्तरे येतील ती, अनुकूल असोत वा प्रतिकूल, या पृष्ठांवर जशीच्या तशी छापली जातील.